मशीन बसेपर्यंत

लग्नकार्यात डॉक्टर दिसला की लोक त्याला कोपऱ्यात गाठून जीभ दाखवतात. माझंही आता तसंच झालंय. मध्यंतरी भाचीच्या हळदीला गेले होते. हात हळदीनं भरलेले, समोर नवरी बसलेली आणि नवरीचा मावसभाऊ माझ्या कानाशी लागून विचारतोय, "मावशी, एकशे चव्वेचाळीसवाला घेऊ की दोनशे चाळीसवाला?" शेजारच्या बाईंना वाटलं साडीचा भाव चाललाय. त्या म्हणाल्या, "अहो, दोनशे चाळीसात हल्ली धड परकरसुद्धा येत नाही."

मी त्या पोराला म्हटलं, "आधी घरचा संगणक कोणता आहे ते सांग." तो गप्प झाला. नव्वद टक्के गिऱ्हाइकं या एका प्रश्नाला गप्प होत, आणि मला त्यात थोडी मजा वाटे हे कबूल करायला हरकत नाही.

सुरतेतल्या संगणकांच्या बाजारात एका दुकानात मी उभी हयात मॉनिटर विकले. आमचं मूळ गाव भुसावळकडचं. वडील रेल्वेत होते, बदलीवर सुरतेजवळच्या उधन्याला आले ते इथलेच झाले. मी किरीटशेठच्या दुकानात लागले ती बिलं टाइप करायला. मॉनिटर दाखवणारा माणूस एक दिवस दुसऱ्या दुकानात गेला, शेठ म्हणाले, "मंदाबेन, आज तमे संभाळी लो," आणि तो 'आज' माझ्या निवृत्तीपर्यंत चालला. सुरुवातीला गिऱ्हाईक माझ्या डोक्यावरून मागे बघून विचारायचं, "बेन, कोई भाई नथी?" मी म्हणायचे, "भाई आहेत ना. तुम्हाला काही समजलं नाही तर भाईंना बोलावते. ते मला विचारून तुम्हाला सांगतील."

तेव्हाचे मॉनिटर म्हणजे पोट सुटलेले काका. उचलायला दोघं लागत. बटण दाबलं की टंग् करून आवाज यायचा आणि हात जवळ नेला की हातावरचे केस उभे राहायचे. वरची बाजू कायम गरम. दुकानातलं मांजर बरोबर सर्वांत महागड्या मॉनिटरवर जाऊन झोपे, आणि शेठ गिऱ्हाइकाला सांगत, "बघा, बिल्लीलाही माल कळतो." त्या मांजराची मला अजून आठवण येते. सपाट मॉनिटर आले आणि त्याची झोपायची जागा गेली. एकदा त्यानं त्या पातळ कडेवर चढून पाहिलं, खाली पडलं, आणि नंतर समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे राहायला गेलं.

मग गेमिंग मॉनिटर आले. पाठीमागे रंगीत दिवे, खाली कोंबडीच्या पायासारखा स्टँड, खोक्यावर पंजे आणि ज्वाळा. ते घ्यायला पोरं येत, आणि पोरांबरोबर अख्खं घर येई, कारण सुरतेत खरेदीला एकटं कुणी जात नाही. आई, बाप, काका, कधी पुतण्याचा मित्र, कारण 'त्याला कळतं'. पोराचं बोट सर्वांत महागड्या मॉनिटरवर, बापाचा हात खिशावर, आणि मधे मी. गुजरातीत, हिंदीत, मराठीत, सगळ्यांचा प्रश्न मात्र एकच. पैसा वसूल थशे ने?

हा प्रश्न ऐकताना साधा वाटतो. मी त्याचं उत्तर देण्यात आयुष्य घालवलं.

बाहेरच्या माणसाला थोडक्यात सांगते. पडद्यावर हलताना दिसतं ते मुळात हलत नसतं, एकामागून एक चित्रं येत असतात. साधा मॉनिटर सेकंदाला साठ चित्रं दाखवतो. गेमिंगचा एकशे चव्वेचाळीस, त्याहून महाग तो आणखी जास्त. आमच्या गावात हे समजावणं सोपं, कारण इथं माग काय ते शेंबड्या पोरालाही माहीत. मी म्हणायचे, मॉनिटर म्हणजे माग आणि संगणक म्हणजे सूत पुरवणारा. माग कितीही पळणारा आणा, सूतच धिम्या गतीनं आलं तर तो काय विणणार? म्हणून मी आधी घरचा संगणक विचारायचे. बाकीच्या गोष्टी, म्हणजे वाकडा पडदा, मागचे दिवे, खोक्यावर चिकटवलेली चमकदार लेबलं, त्यातलं बरंचसं साडीच्या खोक्यावरच्या बाईसारखं असतं. साडी नेसल्यावर आपण तशा दिसणार नाही हे घेणारीलाही ठाऊक असतं.

गिऱ्हाइकाची गंमतही कमी नाही. पर्वत पाटियाकडच्या एक मावशी नव्या मॉनिटरचं खोकं काळा दोरा बांधून परत घेऊन आल्या. मुलगा फोनवर मित्राला सांगत होता की यात घोस्टिंग आहे, आणि मावशींना तेवढं इंग्रजी येत होतं. त्यांनी तो मॉनिटर रातोरात घराबाहेर गॅलरीत ठेवला होता. मी त्यांना दाखवलं की पडद्यावरचे ठिपके रंग बदलायला उशीर लावतात, म्हणून धावणाऱ्या माणसामागे पुसट शेपूट दिसतं, त्याला ती पोरं भूत म्हणतात. सेटिंग एक पायरी बदललं आणि शेपूट आखूड झालं. मावशी बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे आहेच. फक्त लहान झालं."

दुसऱ्या एक हेतलबेन, साड्यांच्या प्रिंटचं डिझाइन करायच्या. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी तेव्हाचा सगळ्यात भारी गेमिंग मॉनिटर नेला. महिनाभरात हातात कापडाचा तुकडा घेऊन हजर. रंग होता रामा. हिरवा आणि निळा यांच्या मधला हा रंग, सुरतच्या साडीबाजारात रोज लागणारा. पडद्यावर तो मोरासारखा नाचत होता आणि कापडावर भिजलेल्या पोपटासारखा उतरला होता. मी तो मॉनिटर परत घेतला आणि त्याऐवजी त्यांना एक साधा, दिसायला मरगळलेला, पण रंग खरे दाखवणारा मॉनिटर दिला. शेठ दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. गेमिंग मॉनिटरचे रंग मुद्दाम चढवलेले असतात, मिठाईच्या दुकानातल्या दिव्यांसारखे. खेळायला छान, पण धंद्याच्या कामाला घात.

यातूनच मी ओढणीची पद्धत काढली. दोन मॉनिटर शेजारी ठेवायचे आणि ओढणीच्या कापडानं दोन्हींची नावं, दिवे, स्टँड सगळं झाकायचं. उघडा फक्त पडदा. मग म्हणायचं, हलवा माउस, खेळा, आणि सांगा कोणता हवा. पुष्कळ पोरं ओढणीखालचा स्वस्त मॉनिटर पसंत करत आणि ओढणी काढली की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होई. बाप खूश, शेठ नाराज. "मंदाबेन, तुम्ही माल विकता की परीक्षा घेता?" ते म्हणत. पण तीच गिऱ्हाइकं पुढे भावाला, मेव्हण्याला घेऊन परत येत, म्हणून त्यांनी ओढणी बंद केली नाही.

भिलाआप्पा आले ते याच काळात.

आप्पा सुरतेजवळच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत लूम मास्तर होते. म्हणजे माग बसवायचे, जुळवायचे, बिघडले की उघडून पुन्हा उभे करायचे. मूळचे धुळ्याकडचे, बोलणं अहिराणी. आयुष्यभर मागांच्या खडखडाटात राहिल्यानं त्यांचे कान गेले होते, त्यामुळे ते सगळ्यांशी भांडल्यासारखं बोलत. बरोबर मुलगा नीलेश, कॉलेजातला, खाली मान घालून उभा. दुकानात शिरल्या शिरल्या आप्पा ओरडले, "बहीन, पोऱ्याले खेयाना मॉनिटर पाहिजे! चांगला द्या!"

अख्खं दुकान वळून बघायला लागलं. नीलेश कानापर्यंत लाल झाला.

मला नंतर नीलेशकडून कळलं ते असं. घरात गेमवरून दोन वर्षं धुसफूस होती. आप्पांनी एकदा रागानं वायर उपटून टाकली होती आणि मुलानं त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. मग शहरात खेळणाऱ्या पोरांची एक स्पर्धा निघाली, नीलेशच्या संघाचं नाव त्यात लागलं. कुणा सोबत्यानं आप्पांना सांगितलं की तुमचा पोरगा म्हणे भारी खेळतो. आप्पांनी त्यावर काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन ते सरळ आमच्याकडे आले. तो मॉनिटर म्हणजे आप्पांची माफी होती. ती तोंडानं मागायची त्यांना सवय नव्हती.

मी ओढणी घातली. नीलेशनं दोन्हींवर माउस फिरवला आणि क्षणात महागड्या मॉनिटरवर बोट ठेवलं. मी जागा बदलून पुन्हा विचारलं, पुन्हा तोच. पैज लावून सांगते, असा डोळा मी फार थोड्यांचा पाहिला. आता प्रश्न संगणकाचा. तो जुना होता, पण कार्ड त्याच्या मित्रानं बदलून दिलं होतं, म्हणजे सूत पुरलं असतं. मी आप्पांना म्हटलं, "याला फरक कळतो. याच्यासाठी वसूल आहे."

भाव ठरायचा होता. किरीटशेठ दुकानाच्या पार दुसऱ्या टोकाला फोन कानाला लावून उभे होते. मी बघितलं तसं त्यांनी ओठातल्या ओठात सांगितलं, छेल्ले आटलामां आपी देजो, शेवटी एवढ्याला देऊन टाका. मलाही ते अंदाजानंच कळलं. आप्पा ताडकन म्हणाले, "मंग इतकामाच द्या ना बहीन. शेठ तर हाव म्हनी ऱ्हायनात!"

शेठच्या हातून फोन पडायचा राहिला. आप्पा मोठ्यानं हसले. मग त्यांनी समजावून सांगितलं की मागाच्या खात्यात शंभर माग चालू असले की कानाचा काही उपयोग नसतो, तिथं सगळे एकमेकांचे ओठ वाचतात. शिव्यासुद्धा ओठांवरूनच देतात आणि त्या बरोबर पोचतात. शेठनं निमूटपणे त्या भावाला मॉनिटर दिला आणि पुढे कितीतरी दिवस भाव सांगताना तोंडावर रुमाल धरला.

खोकं बांधताना मी नीलेशला वायरींचं सांगायला लागले. मॉनिटरबरोबर एक नवी वायर येते, प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत. घरची जुनी वायर लावली तर चित्र दिसतं, पण साठाच्या वर जात नाही. पूर्ण वेग हवा तर ही नवीच लावायची. आप्पा माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. त्यांनी हात वर केला.

"थांबा. नवं मशीन से ना? पहिलेच जोरमा नही चालावानं. आधी जुनीच वायर राहू द्या."

मी म्हटलं, "आप्पा, हा माग नाही, याला काही होत नाही."

"मशीन ते मशीन," आप्पा म्हणाले. त्यांनी मला सांगितलं की नवा माग आला की त्याच्या मोटरीला आधी लहान पुली लावतात. लहान पुलीवर माग हळू चालतो, त्याचे भाग एकमेकांना घासून जागेवर येतात. याला ते 'मशीन बसणं' म्हणत. मी घाबरून विचारलं, बसलं म्हणजे बिघडलं ना? "तुमनामा बिघडनं," ते म्हणाले, "आमनामा रुळनं." माग बसला की मास्तर आवाज ऐकतो, हात लावून बघतो आणि सांगतो, आता वाढव. मग मोठी पुली. मास्तरानं सांगितल्याशिवाय पुलीला हात लावायची कुणाची टाप नाही.

"मी सांगसु तव्हय वाढाव," ते मुलाला म्हणाले.

नीलेश हसला. दोन वर्षांत बापाशी तो पहिल्यांदा हसत होता हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तो म्हणाला, "बरं पप्पा. तुम्ही सांगा."

मीही हसले. असा वेडेपणा मागांच्या गावातलाच माणूस करू शकतो. मला वाटलं, घरी गेल्यावर पोरगं पिशवी फोडेल आणि बापाला सांगणारही नाही. मी खोक्यावर चिकटपट्टी मारली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. मॉनिटरची खरेदी मोबाइलवरून व्हायला लागली. पोरं दुकानात येत, माउस फिरवून बघत, ओढणीची गंमत करत, आणि बाहेर जाऊन फोनवरून मागवत. शेठ वैतागले नाहीत, थकले. त्यांचा मुलगा कॅनडाला, दुकान विकायचं ठरलं. माझ्या काउंटरवरचे शेवटचे दिवस चालले होते. रिकाम्या फळ्या पुसताना रडू यायचं आणि मी ते धुळीवर ढकलायचे. तशाच एका दुपारी भिलाआप्पा आले. रिक्षावाल्यानं मागून खोकं आणून ठेवलं. पंजे, ज्वाळा, सगळं फिकट झालेलं.

आप्पा म्हातारे झाले होते, कान पुरते गेले होते. पण आवाज तोच. "बहीन, वयखं का?"

ओळखलं नसतं तरच नवल. मी त्यांना स्टूल दिलं, चहा मागवला. ते सांगत गेले. नीलेश आता इथंच इच्छापोरला एका कारखान्यात आहे, लग्न झालंय, घर बदलतोय. मॉनिटर कित्येक वर्षं माळ्यावर पडून होता. आता तो म्हणतो, भंगारात देऊ. "भंगारमा नही देवानं," आप्पा म्हणाले. "पहिले तुमी देखा. मले एकच सांगा."

मोठ्या आवाजाच्या माणसाला हळू बोलता येत नाही, पण त्यांनी प्रयत्न केला.

"तो स्पर्धामा हारना. त्यानंतर त्यानी खेय सोडी दिना. मी आनेल मशीन कमी पडनं का?"

इतकी वर्षं हा प्रश्न त्यांच्या पोटात होता. मुलाला विचारायची हिंमत झाली नाही, म्हणून ते मला विचारायला आले होते. हजारो लोकांनी मला वसूल होईल का म्हणून विचारलं. वसूल झालं का, हे विचारायला परत आलेला हा एकच माणूस.

मी म्हटलं, "बघते," आणि खोकं उघडलं. वर मॉनिटर, बाजूला स्टँड, जुनी वायर नीट गुंडाळून रबर लावलेली. तळाशी प्लॅस्टिकची पिशवी होती आणि पिशवीत नवी वायर. पिशवीचं तोंड कारखान्यातून आलं तसंच बंद.

मोठी पुली कधी लागलीच नव्हती. ओढणीखालून फरक ओळखणारा तो मुलगा शेवटपर्यंत साठवर खेळला होता, आणि बापानं 'आता वाढव' म्हटलं नव्हतं. आप्पा चहात बिस्कीट बुडवत होते. मी ती पिशवी पटकन ड्रॉवरमध्ये सरकवली. खरं सांगितलं असतं तर म्हाताऱ्याच्या आयुष्याला तो डाग लागला असता, आणि खोटं बोलायला माझी जीभ उचलत नव्हती, निदान मॉनिटरच्या बाबतीत तरी. तेवढ्यात नीलेश आला. आप्पा न सांगता खोकं घेऊन निघाल्याचं बायकोनं त्याला कळवलं होतं. तो पाळी संपवून तसाच मोटारसायकलवर आला होता. डोक्यावरचे केस मागे गेलेले, पोट थोडं सुटलेलं. मला वाकून नमस्कार केला.

आप्पांनी वेळ दवडला नाही. "काय रे, मोठी पुली लाई होती ना तू? स्पर्धाना आगोदर?"

नीलेशनं उघड्या खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि मोठ्यानं, स्पष्ट म्हणाला, "लाई होती ना पप्पा. मस्त चालना."

आप्पांनी मान हलवली. कप उचलला.

मी मॉनिटर काउंटरवर उभा करायला घेतला आणि नीलेश मदतीला काउंटरच्या आत माझ्या बाजूला आला. आप्पांसमोर हळू बोललं की ते खासगीच, अशी आता सगळ्यांना सवय झालेली. आम्ही दोघं कुजबुजत बोललो.

"पिशवी फोडलेली नाही, नीलेश."

"माहीत आहे मावशी."

"का रे?"

त्यानं वायर हातात घेऊन रबर काढलं, पुन्हा लावलं. "ते म्हणाले होते ना, मी सांगेन. मला वाटायचं एखाद्या दिवशी येतील, शेजारी बसतील, मी कसा खेळतो ते बघतील आणि म्हणतील, आता वाढव. त्यांची डबल पाळी चालू होती, ते विसरून गेले. मी विचारू शकलो असतो. पण विचारून सांगितलं तर त्यात काय..."

"आणि स्पर्धा?"

"समोरचे भारी होते. कदाचित वायरीनं थोडा फरक पडला असता. कदाचित नाही. तुम्हालाच जास्त कळतं."

मला काही कळत नव्हतं. एवढी वर्षं या काउंटरवर उभी राहून मी लोकांना ठामपणे सांगत आले होते की हे घ्या, हे नको.

"त्यांना नका सांगू," तो पुटपुटला. "मशीन चांगलंच होतं, एवढंच म्हणा."

मी होकार दिला. दुकानातला दाखवायचा संगणक अजून विकायचा होता, तो चालू केला. ड्रॉवर उघडला आणि काउंटरच्या आड हात नेऊन पिशवी फाडली. प्लॅस्टिक चांगलंच जाड होतं. रिकाम्या दुकानात त्याचा चर्र आवाज केवढा तरी झाला. नीलेशनं डोळे मिटून घेतले. आप्पांना अर्थातच काही ऐकू गेलं नाही, ते आपले आमच्याकडे बघत बसले होते.

मी वायर लावली. चित्र आलं. नीलेशनं सेटिंग उघडलं, तिथे साठ दिसत होतं, खाली एकशे चव्वेचाळीस. त्याचा हात माउसवर होता, पण तो दाबत नव्हता. मी म्हटलं, दाब ना. तो तसाच.

समोरून आप्पांचा आवाज आला. पहिल्यांदाच तो आवाज मोठा नव्हता.

"नील्या. मशीन बसनं रे. आते वाढाव."

शेठच्या तोंडावरचा तो रुमाल मला आठवला. शंभर मागांच्या खडखडाटात ओठ वाचणाऱ्या माणसासमोर आम्ही दोघं तोंडं उघडी ठेवून कुजबुजत होतो, आणि ते सबंध वेळ आमच्याकडेच बघत होते.

नीलेशनं वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रडला असता. त्यानं बटण दाबलं. पडदा क्षणभर काळा झाला, परत आला आणि माउसचा बाण तेल लावल्यासारखा पळायला लागला. मी आप्पांकडे बघितलं. त्यांनी कप खाली ठेवला, धोतराला हात पुसले, उठले आणि स्टूल फरशीवरून ओढत मुलाच्या शेजारी आणून त्यावर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर, नवीन मागापुढे बसावं तसे.

"खेय," ते म्हणाले. "मी देखस."